सरांचा आवाज बसला तेव्हा

हंबीरराव इंगवले सरांचा आवाज असा, की कॉलेजच्या मैदानावर ते ओरडले तर समोरच्या रस्त्यावरचा रिक्षावाला ब्रेक दाबायचा. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, फुटबॉलच्या वेडात वाढलेला माणूस. पण शाळेत असताना कुणीतरी हातात बास्केटबॉल दिला आणि तो काही सुटला नाही. गेली अकरा वर्षं ते मुलींच्या संघाचे कोच होते. या अकरा वर्षांत संघ चारदा उपांत्य फेरीत पोचला आणि चारही वेळा हरला.

यंदा स्पर्धेला आठवडा उरला असताना सकाळी उठून सरांनी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली.

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. "स्वरयंत्राला सूज आहे. नऊ दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा बसेल."

सरांची बायको शेजारीच होती. "नऊच का डॉक्टर? महिनाभर करा की," ती म्हणाली.

संध्याकाळी सर पांढरा बोर्ड आणि मार्कर घेऊन सरावाला आले. निशिगंधा संघाची कर्णधार. तिने बोर्डवरचं वाचून मुलींना सांगितलं, तेव्हा आधी सगळ्या गंभीर झाल्या आणि मग कुणीतरी फिस्सकन हसलं. खेळ सुरू झाला. सरांनी घाईघाईनं 'डावीकडं दे' असं लिहून बोर्ड वर धरला, तोवर बॉल उजवीकडून बाहेर गेला होता. तीनदा असं झाल्यावर सरांनी बोर्ड ठेवला आणि बाकावर बसून नुसते बघत राहिले.

मग त्यांना ते दिसलं. बॉल हातात आला की प्रत्येक मुलगी एकदा बाकाकडं बघत होती. आदिती बघायची, क्रांती बघायची, खुद्द निशिगंधाही बघायची. क्षणभरच. पण तेवढ्यात समोरची मुलगी पुढ्यात येऊन उभी राहायची. सरांनी मोजलं. दहा मिनिटांत एकेचाळीस वेळा. चार उपांत्य सामने त्यांच्या डोळ्यांपुढून सरकले. एरवी ते सतत ओरडत असायचे, त्यामुळं मुली बघतात हे त्यांना कधी जाणवलंच नव्हतं. ही सवय आपणच लावली, हे त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी बोर्डवर एकच ओळ होती. 'आजपासून मी कोर्टाकडं पाठ करून बसणार.'

"म्हंजे सर, आम्ही काय करायचं?" क्रांतीनं विचारलं. क्रांती गगनबावड्याकडची, संघातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात तोंडाळ.

सरांनी लिहिलं, 'बोला.' आणि खुर्ची भिंतीकडं फिरवली.

पहिला अर्धा तास नुसता बुटांचा चरचराट. मग मागून एक बारीक आवाज आला, "क्रांती, मागं..." सरांनी ओळखलं, ही आदिती मगदूम. दोन वर्षं संघात होती, बॉल पुढं न्यायचं काम तिचंच, पण सरावात तिच्या तोंडून 'हो सर' याखेरीज काही ऐकल्याचं त्यांना आठवेना.

"मोठ्यानं बोल की गं! मला काय कळंना झालंय!" क्रांती खेकसली.

"क्रांती, मागं ये!" आदिती ओरडली. आवाज चिरकला. सगळ्या हसल्या, आदितीही हसली, आणि मग थांबलीच नाही. भिंतीकडं तोंड करून बसलेल्या सरांना नुसत्या आवाजावरून खेळ दिसायला लागला. चौथ्या दिवशी ऑफिसातला बाळासो क्लार्क तक्रार घेऊन आला. "सर, तुमचा आवाज बसला म्हणून आम्ही पेढं वाटणार होतो. आता ह्या पाच जणी सुरू झाल्यात!" सरांनी त्याला दोन्ही हात जोडले.

स्पर्धा कोल्हापुरातच होती. पहिले दोन सामने मुलींनी सहज जिंकले, उपांत्य सामना चार गुणांनी. निशिगंधा तर रडलीच. अंतिम सामना सांगलीच्या संघाशी होता. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांचे नऊ दिवस संपले होते. सरांनी भीतभीत "चहा" म्हणून बघितलं, आणि आवाज स्वच्छ आला.

सामन्यात तिसऱ्या भागात संघ नऊ गुणांनी मागं पडला. सर ताडकन उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला. पण कोर्टावरची एकही मुलगी त्यांच्याकडं बघत नव्हती. आदिती हात नाचवत निशिगंधाला काहीतरी सांगत होती. सर पुन्हा बसले. उभं राहण्यापेक्षा बसणं कितीतरी अवघड गेलं.

शेवटची बत्तीस सेकंदं. एकावन्न-बावन्न. बॉल आपला. सरांनी हातानं खूण करून टाइमआउट घेतला. मुली भोवती जमल्या. सरांच्या मनात डाव तयार होता, क्रांतीला बास्केटखाली बॉल द्यायचा. मार्कर उघडला, क्षणभर थांबले, आणि बोर्ड आदितीच्या हातात दिला.

आदितीनं एकदा सरांकडं बघितलं, मग भराभर रेघा ओढल्या. "त्यांची सात नंबर आणि चार नंबर दोघी क्रांतीवर धावतात. क्रांती, तू पळ आणि बॉल माग. मोठ्यानं. मी तुला देणार नाही. निशिगंधा, तू डावीकडनं आत ये."

"म्हंजे मी नुसतं बोंबलायचं?"

"व्हय. ते तुला चांगलं जमतं."

क्रांती अशी बोंबलली की सांगलीच्या दोघीच काय, पंचही तिच्याकडं वळले. निशिगंधा मोकळी सुटली. बॉल फळीला लागला, रिंगवर दोनदा नाचला आणि आत पडला. त्रेपन्न-बावन्न. "हात वर! फाउल करायचा नाही!" आदिती ओरडत मागं धावली. शेवटच्या सेकंदाला सांगलीचा नेम रिंगला लागून बाहेर गेला, आणि बाकावरून अशी एक आरोळी उठली की मुली जागच्या जागी थबकल्या.

"सर! आवाज कधी आला?" निशिगंधानं धापा टाकत विचारलं.

"सकाळी."

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्ही कुणी विचारलंच न्हाई की." सर रुमालानं डोळे पुसत होते.

करंडक घेऊन सगळ्या मिसळ खायला गेल्या. तिथं आदितीनं कट वाढून घेता घेता विचारलं, "सर, तुम्ही कोणता डाव दिला असता?"

"क्रांतीला बॉल."

"बघा! सरांना किंमत हाय माझी," क्रांती म्हणाली.

"हरलो असतो," आदिती शांतपणे म्हणाली. सरांना असं तोंडावर अकरा वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

सरांनी पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला. "व्हय," ते म्हणाले, "चार गुणांनी तरी." मग वेटरला हाक मारून त्यांनी आदितीसाठी आणखी एक पाव मागवला.