दाताला चिकटलेलं दीपगृह

मित्रांनो, ताप आला की आई तुमच्या काखेत ठेवते, तो मी नव्हे. त्याचं सगळं आयुष्य सात-आठ अंशांत संपतं. मी साखरेच्या पाकाचा जुना थर्मामीटर. माझ्या अंगावर चाळीसपासून दोनशेपर्यंतचे आकडे आहेत, पोटात लाल द्रव आहे आणि भांड्याच्या काठाला धरून राहायला पत्र्याची एक चिमटी आहे. तोंड तेवढं नाही. माझ्यावर जे काही ओढवलं ते या एका उणिवेमुळे, आणि ते आठवलं की अजून माझा पारा चढतो. म्हणजे चढला असता. माझ्या पोटात पाराही नाही.

एका काच-कारागीर बाईंनी मला घडवलं. त्यांनी निळ्या ज्योतीवर नळी फिरवली, गाल फुगवून हळूच फुंकर घातली आणि माझ्या टोकाशी एक इवलासा फुगा काढला. मग केसासारख्या बारीक वाटेने त्यात लाल द्रव भरला आणि वरचं टोक कायमचं बंद केलं.

माझ्या उमेदीची वर्षं एका गोळ्यांच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे दोन खोल्या, तीन शेगड्या आणि एक लांबलचक दगडी ओटा. तिथल्या मालकीणबाईंना सगळे आत्या म्हणत. संत्र्याच्या, लिंबाच्या, आल्याच्या गोळ्या तिथे बनत. पाक उकळू लागला की आत्या गुडघ्यांवर हात टेकून वाकत, डोळे माझ्या लाल रेषेच्या पातळीला आणत आणि तिथूनच ओरडत, "उतरवा!" त्या क्षणी चुलीपाशी माझाच शब्द शेवटचा असे. "माणसं थापा मारतात, हा नाही मारत," असं त्या आल्यागेल्याला सांगत. खरं सांगतो, तेव्हा मला थोडी शिष्टपणाची बाधा झाली होती.

पुढे आत्यांचे गुडघे बोलू लागले आणि कारखाना बंद झाला. त्या दूरच्या गावी लेकीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी मला आपल्या धाकट्या भावाच्या हातात ठेवलं. "जपून ठेव. हा कधी चुकत नाही," त्या म्हणाल्या. या चार शब्दांनी पुढे माझा किती छळ केला, ते ऐकाच.

भावाने मला जपून ठेवलं ते स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात. तिथे उलथनी होती, बाटलीची बुचं होती, बोथट कात्री होती, मुका झालेला अलार्म होता. मला त्यांच्यात आडवं टाकलं. खण अडकायचा, म्हणून घरातला जो तो त्याला गुडघ्याने दणका द्यायचा. अशाच एका दणक्याने माझी लाल रेषा आतल्या आत तुटली. मध्ये एक फट पडली आणि वरचा तुकडा होता त्यापेक्षा बारा अंश वर सरकला. बाहेरून काच धड, आकडे धड. आत मात्र मी बारा अंशांनी खोटा झालो होतो. गार असताना ती फट माझ्या बुडाशी लपे आणि पाक तापला की नेमकी चिमटीच्या मागे जाई. नशीब म्हणतात ते हे.

त्या भावाला एक मुलगी होती. दिसेल त्या वस्तूला टिचकी मारून आवाज ऐकायची तिला खोड, म्हणून सगळे तिला टिचकीच म्हणत. समोरच्या घरात तिची मैत्रीण होती, गोल चेहऱ्याची, गोल डोळ्यांची गुंडी. दोघींना एक वेड होतं. गोष्टीच्या पुस्तकात किंवा टीव्हीवरच्या चित्रमालिकेत कुणी काही खाल्लं-प्यायलं की या दोघींना ते चाखायलाच हवं. चंद्रावरच्या माणसांचं निळं सरबत त्यांनी केलं होतं, तेव्हा दोघींच्या जिभा दोन दिवस शाईच्या दौतीसारख्या होत्या. राक्षसाचा सात थरांचा पाव केला, तो फक्त राक्षसालाच चावला असता.

पण त्यांची सगळ्यात लाडकी मालिका दीपगृहाची होती. तिच्या शेवटच्या भागात दोन मित्र धुक्यात दीपगृहात अडकतात. त्यांच्याकडे खायला काही नसतं, आणि दिव्याभोवतीची काच असते साखरेची. ते ती कट्‌कन तोडतात आणि अर्धी-अर्धी खातात. एकाच काचेचे दोन तुकडे ज्यांनी खाल्ले, ते कितीही लांब गेले तरी एकमेकांना विसरत नाहीत, असं त्या गोष्टीत होतं.

आणि गुंडीच्या आईची बदली झाली. रविवारी सामानाचा ट्रक येणार होता. "त्याआधी आपण काच खायचीच," टिचकी म्हणाली. गुंडीने नुसती मान हलवली.

बाबांनी मला खणातून काढलं आणि शर्टाला पुसलं. "आत्याचा आहे. एकशे पन्नासला उतरवलंस की काचच होणार." साखर, पाणी, लिंबाचे दोन थेंब. टिचकी अगदी आत्यांसारखी वाकून माझ्याकडे बघत होती. मी एकशे पन्नास दाखवले तेव्हा पाक खरा एकशे अडतीसवर होता. "थांब! अजून नाही!" असं मला ओरडायचं होतं. पण कारागीर बाईंनी ते टोक बंद केलं होतं ना.

पाक तेल लावलेल्या ताटात ओतला. निवल्यावर टिचकीने कड उचलली, तर सगळी काच कणकेच्या पोळीसारखी वाकली.

"आई, काच कधी वाकते का गं?"

"मागितली काच, झाली चपलेची टाच," बाबा म्हणाले.

"हसा. पातेलं तुम्हीच घासणार आहात," आई म्हणाली.

पहिल्यांदा लिंबाला दोष दिला. दुसऱ्यांदा हवेला. "हवा दमट आहे, साखर पाणी ओढते," असं बाबांनी गंभीरपणे सांगितलं, म्हणून खिडक्या बंद करून तिघं घामाघूम झाली. पुन्हा टाच. मग साखरेवर आळ आला आणि नवा पुडा फोडला गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी पातेल्याच्या काठावर लटकून तीन वेळा बघितलं. दर वेळी सगळे माझ्याकडेच बघत, आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे शोधत.

शेवटी टिचकीने फोन लावला. "आत्या, तुझा थर्मामीटर बरोबर आहे ना?" माझ्या जिवात जीव आला. अखेर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला!

"काय बोलतेस टिचके!" पलीकडून आत्या कडाडल्या. "साखर बदल, पातेलं बदल, अगदी बाप बदल. पण त्याच्यावर संशय घेऊ नकोस."

मित्रांनो, निंदा सोसता येते. असं कौतुक नाही सोसत.

रविवारी सकाळी समोरच्या दारात ट्रक उभा राहिला. शेवटचा पाक चढला. टिचकीचे डोळे माझ्यावर खिळले होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते. "एकशे पन्नास! उतरव आई!" पुन्हा बारा अंश आधीच. काच अर्धवट निवली तोवर ट्रकवाल्याने दोनदा भोंगा वाजवला होता. टिचकी ताट घेऊन रस्त्यावर धावली. तिच्यामागे आई धावली, आणि आईच्या हातातल्या पातेल्याच्या काठाला मी.

"तोड," गुंडी म्हणाली.

टिचकीने वाकवलं, पिळलं, ओढलं. काच लांब होत गेली, पण तुटेना. शेवटी गुंडीच्या आईने सामान बांधायची कात्री पुढे केली.

"मालिकेत कात्री नव्हती," टिचकी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"असू दे गं. एकाच काचेचे आहेत ना? घाल तोंडात."

दोघींनी तुकडे तोंडात घातले आणि जोरात चावले. आणि दोघींचे दात वरखाली घट्ट बसले. टिचकीने निरोपाचं काहीतरी ठरवून ठेवलं होतं. आठवडाभर ती ते आरशापुढे पाठ करत होती, ते मी खणातून ऐकलं होतं. त्यातलं एक अक्षर बाहेर येईना. "म्म्म्," ती म्हणाली. "म्म्ह्," गुंडी म्हणाली. गुंडीच्या बाबांनी तिला उचलून गाडीत बसवलं. ट्रक निघाला, मागून गाडी निघाली. टिचकी मिटल्या तोंडाने रडत उभी राहिली, आणि तसं रडणं किती वाईट दिसतं ते मी जवळून पाहिलं.

संध्याकाळी आईने पातेल्यात पाणी घालून शेगडीवर ठेवलं. चिकटलेली साखर सुटावी म्हणून. मला काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. टिचकी शेजारी हनुवटी टेकून बसली होती. पाणी खळखळू लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग नीट पाहिलं.

"बाबा, पाणी शंभरला उकळतं ना? हा एकशे बारा दाखवतोय."

"साखर आहे ना त्यात. साखरेचं पाणी जास्त तापल्यावर उकळतं," बाबा पेपराआडून म्हणाले. बोलणं खरं होतं. म्हणून तर माझा जास्तच संताप झाला.

टिचकी उठली. तिने पाणी ओतून दिलं, पातेलं घासलं, नळाचं ताजं पाणी घातलं आणि मला पुन्हा अडकवलं. पाणी उकळलं. एकशे बारा.

"आता?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. टिचकीने मला उजेडात धरलं, चिमटी सरकवली, डोळा काचेला लावला. "हा आतून तुटलाय," ती म्हणाली. मग माझ्या काचेवर एक टिचकी मारून भांडली, "शहाण्या, सांगायचंस की!"

तेच तर सांगत होतो, एकशे बारा!

तिने मला फेकलं नाही. मी निवल्यावर तिने मला बर्फाच्या पेल्यात उभं केलं. द्रव आक्रसून खाली उतरला. मग घडी केलेल्या टॉवेलवर हळूहळू ठोकत राहिली, तेव्हा कुठे फट मिटली आणि रेषा जुळली. उकळत्या पाण्यात मी शंभर दाखवले. दुसऱ्या दिवशी पाक खऱ्या एकशे पन्नासला उतरला. काच पाण्यासारखी नितळ झाली आणि बोटाने दाबताच म्हणाली, कट्. टिचकीने अर्धा तुकडा कापसात गुंडाळून पाठवला. तो पोचल्यावर दोघींनी फोन कानाला लावून एकदमच चावला.

"छान आहे गं," गुंडी म्हणाली. "कट् वाजली. पण लगेच संपली. ती आधीची ना, ती पुढच्या गावापर्यंत माझ्या दातात होती."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे भाऊबंद असतील. वजनकाटे, घड्याळं, मोजपट्ट्या. कृपा करून आम्हाला खणात आडवं कोंबू नका, आणि आंधळा विश्वासही ठेवू नका. अधूनमधून पारखून घ्या. आमचं चुकलं तर आम्हाला कळतं, पण बोलता येत नाही, आणि त्याचा त्रास फार होतो. एवढं ऐकलंत तरी पुरे. कारण माझ्या घरी माझं कुणी ऐकत नाही.

मला आता भिंतीवर खिळा मिळाला आहे. मी सरळ उभा असतो, काटेकोर बरोबर असतो. आणि महिन्यातून एकदा टिचकी मला पातेल्याच्या काठाला लावते, वाकून माझ्या रेषेकडे बघत राहते, आणि रेषा एकशे अडतीसवर आली रे आली की ओरडते, "आई, उतरव! गुंडीचा पाक झाला!"

अगं बाई, अजून बारा अंश! फक्त बारा!