जेवणाचं निमित्त

हार्लन खोटं बोलतो हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. मासा केवढा गावला, पोलिसाने अडवलं तेव्हा गाडी किती वेगात होती, रविवारी चर्चला जायच्या वेळेलाच डोकं कसं दुखतं, असल्या त्याच्या थापा. बत्तीस वर्षं मी त्या चालवून घेतल्या. त्यांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं, आणि बऱ्याचदा मला हसूही यायचं. म्हणून पाम स्प्रिंग्सला जे झालं त्याचा सगळा दोष त्याच्या माथी मारायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण तो तिथे टिकत नाही.

दर मार्चमध्ये आम्ही बेकर्सफील्डहून चार दिवस तिकडे जातो. सकाळी ऊन चढायच्या आत दरीतून चालायचं, दुपारी पोहण्याच्या तलावाकाठी लोळायचं आणि संध्याकाळी साडेपाचला जेवायला बसायचं. तरुण मंडळी आठला जेवतात, आम्हाला आठला झोप येते. यंदा हार्लनच्या मनात एक नवं रेस्टॉरंट भरलं होतं. तिथे महिनाभर टेबल नव्हतं. त्याने फोन केला तेव्हा मी तलावावर होते. खोलीत आले तर स्वारी खुशीत.

"मिळालं! अंगणातलं टेबल, डोंगरासमोरचं."

"काय थाप मारलीस?"

"थाप कसली? लग्नाचा वाढदिवस म्हटलं."

लग्न आमचं ऑक्टोबरातलं. "तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही?" म्हटलं, आणि निळ्या झग्याला इस्त्री करायला घेतली.

आम्ही बसलो न बसलो तोच वाढणारी मुलगी माझ्याजवळ वाकली. हळूच म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही आमच्याकडे आलात याचा आम्हाला फार आनंद आहे. उपचार संपले ना सगळे? केस किती छान आलेत हो!"

केस मी उन्हाळ्यासाठी बारीक कापून घेतले होते. मला आधी काही उमगलंच नाही. मग मी हार्लनकडे पाहिलं. तो मेन्यूत तोंड घालून बसला होता.

मुलगी गेल्यावर मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. "कॅन्सर? मेल्या, मला कॅन्सर झालाय म्हणून सांगितलंस?"

"अगं, आधी वाढदिवसच म्हटलं. तर फोनवरची मुलगी म्हणाली, सगळ्यांचाच असतो. मग तोंडातून निघून गेलं."

"मी आत्ता उठून सांगते तिला."

"सांग. पण मग जेवायचं कुठे? आता सगळीकडे रांगा असतील."

मी उठले नाही. का उठले नाही याला माझ्याकडे कारण नाही. समोर डोंगर गुलाबी झाला होता, पावाचा वास येत होता आणि मला भूक लागली होती. एवढंच.

मग एकेक पदार्थ न मागता यायला लागले. भाजलेला लावा पक्षी, संत्र्याच्या रसातले शतावरीचे कोंब, चकाकती वाइन. मुख्य आचारी स्वतः आला आणि छातीवर हात ठेवून माझ्यापुढे झुकला. शेवटी खजुराचा केक आला. ताटलीवर चॉकलेटने लिहिलं होतं, 'शूर वर्नासाठी'. आसपासच्या दोन टेबलांनी पेले उंचावले. मी हसले आणि केक खाल्ला. खरं सांगते, केक अप्रतिम होता. हार्लनच्या वाट्याचाही मीच संपवला.

कॉफी आली तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई उठून माझ्याकडे आली. साठीची, उंच, पांढऱ्या केसांची जाड वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. तिने माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "माफ करा हं, ऐकू आलं म्हणून विचारते. छातीचा?"

ही माझी वेळ होती. यात हार्लन कुठेच नव्हता. मी मान हलवली, होकारार्थी.

"माझाही," ती म्हणाली. "मंगळवारी केमो सुरू." तिने माझा खांदा जरासा दाबला आणि नवऱ्याकडे परत गेली. नवरा माझ्याकडे असा बघत होता की मला माझी ताटली कुठेतरी लपवावीशी वाटली.

रात्रभर मी हार्लनशी बोलले नाही. सकाळी त्याचा गुडघा धरला होता, खरंच धरला होता की नाही देव जाणे. त्याला दरीच्या तोंडाशी तिकीटघराजवळच्या बाकावर सोडून मी एकटीच निघाले. म्हटलं, चालून चालून अंगातली लाज घामावाटे जाईल.

अर्ध्या तासाने ताडांच्या राईत पोचले. तिथे ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, आणि ती वेणीवाली बाई दगडावर बसून पाय बुडवत होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"वर्नाच ना? ताटलीवर वाचलं मी. मी रोझलिन. बस ना! काय झपाझप येतेस गं! मी लांबूनच बघत होते."

बसले. न बसून सांगणार काय?

"माझा नवरा डेल खाली थांबलाय, त्याला चढ झेपत नाही," ती म्हणाली. "तुला एक सांगायचं होतं, देवानेच गाठ घालून दिली. मी केमो घेणार नव्हते. इथे चार दिवस मजा करायची, चांगलंचुंगलं खायचं, आणि घरी स्पोकेनला जाऊन डॉक्टरला नाही म्हणून सांगायचं, असं ठरवून आले होते. माझी बहीण यातच गेली. मावशी गेली. दोघींनी सगळे उपचार केले आणि हाल हाल होऊन गेल्या. म्हटलं, आपण तरी नीट जाऊ. पण काल तुला खाताना पाहिलं. केकचा शेवटचा कण तू बोटाने टिपून घेतलास. तिथल्या तिथे मी डेलला म्हटलं, घेते रे बाबा केमो. काल तो झोपला. तीन महिन्यांत पहिल्यांदा माणूस रात्रभर झोपला."

मी पाणी प्यायला घेतलं. बाटली हातात होती, पण झाकण उघडेना.

रोझलिन इकडेतिकडे बघून जवळ सरकली. "वाट्टेल ते मागतेय, रागावू नकोस. व्रण दाखवशील? डॉक्टरने फोटो दाखवलेत, पण फोटोत नुसती छाती असते, बाई नसते. मला बाई बघायचीय."

माझा हात शर्टाच्या बटणापर्यंत गेला. का गेला, कोण जाणे. तिथेच थांबला. बटणाच्या आत माझी धडधाकट छाती होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला तिची शरम वाटली.

"व्रण नाहीये," मी म्हटलं.

"म्हणजे ऑपरेशन न करताच—"

"मला काही झालंच नव्हतं. कधीच नाही. टेबल मिळावं म्हणून माझ्या नवऱ्याने फोनवर सांगितलं. आणि तू विचारलंस तेव्हा मी हो म्हटलं. ते मात्र माझं मी."

तिला कळायला वेळ लागला. तिने पाय पाण्यातून काढले, मोजे घालायला घेतले, मग तसेच हातात धरून बसली.

"टेबलासाठी?"

"हो."

मला वाटलं ती ओरडेल. थोबाडीत मारेल. मारली असती तर मी दुसरा गाल पुढे केला असता. पण ती ओढ्याकडे बघत, स्वतःशीच मोजल्यासारखं करत म्हणाली, "म्हणजे यातून बरी झालेली अशी एकही बाई मी अजून पाहिलेली नाही."

मी माफी मागितली. माफी हा शब्द तिथे इतका फुसका वाटला की दुसऱ्यांदा उच्चारवला नाही.

तिने बूट चढवले, नाड्या घट्ट बांधल्या. "मंगळवारी जायचं की नाही ते माझं मी बघेन. पण डेलला यातलं अक्षर कळता कामा नये. ऐकलंस? त्याला झोपू दे."

"पण मग मी..."

"मग तू काल काय होतीस तेच राहा. तुला जमतं ना?"

खाली उतरेपर्यंत ती पुढे आणि मी मागे. मी तिची पिशवी मागितली, तिने दिली नाही.

तिकीटघराजवळच्या बाकावर डेल आणि हार्लन शेजारी शेजारी बसले होते. डेल काहीतरी भरभरून सांगत होता, आणि जन्मभर ज्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही तो माझा नवरा मान खाली घालून बुटांकडे बघत होता. आम्हाला पाहताच डेल लंगडत पुढे आला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरले होते.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? एकच सांगा मला, लपवू नका. ओकाऱ्या फार होतात का हो? किती दिवस?"

मी तोंड उघडलं. काल मान हलवणं किती सोपं गेलं होतं!

रोझलिनने माझ्याकडे पाहिलं. मग त्याची कॉलर नीट करत ती म्हणाली, "दोन-तीन दिवसच रे. आत्ताच सांगत होती मला. मग भूकसुद्धा लागते म्हणे."

"खरंच?" डेलने मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.