दोन ठक्या

दोन्ही डब्यांवर एकच नाव होतं. ठकी.

तनुजानं त्या डब्या आपल्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि कपाळाला हात लावला. एकीत तिच्या लेकीची शी, दुसरीत तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या कालवडीचं शेण. नमुना भरा, वर नाव लिहा, एवढंच तिनं त्यांना सांगितलं होतं, आणि अण्णांनी ते मनोभावे केलं होतं. त्यांच्या लेखी दोघी ठक्याच. सहा आठवड्यांची दूधपिती कालवड आणि अडीच वर्षांची सृष्टी, दोघींची पोटं बिघडलेली, डबीत बघून काही कळायची सोय नव्हती.

तिनं फोन लावला. लाल झाकण कुणाचं? अण्णा म्हणाले, वासराचं. मग म्हणाले, थांब, तुझ्या आईला विचारतो. मागून तुळजाबाईंचा आवाज आला, "मला काय विचारता? लिहिताना मला विचारलं होतं?"

हसावं की रडावं, तनुजाला कळेना. सृष्टीच्या शीत जिआर्डिया हा आतड्यातला जंतू निघाला होता. औषधानं आठ दिवस बरं, की पुन्हा तेच. महिन्यात पोर दीड किलोनं उतरली होती. तनुजा कामावर असली की ती कर्वेनगरला आजोळी असायची, म्हणजे दिवसभर गोठ्यात, कालवडीच्या गळ्यात हात टाकून. म्हणून तनुजानं वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं, रविवारी गाय-वासरू टेंपोत घाला आणि मामाकडे भुगावला धाडा. अण्णा फक्त "बरं" म्हणाले होते. त्यांच्या जमिनीवर सोसायटी उभी राहिली तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते.

हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे सारखाच दिसतो, दोन डोळे वटारून बघणारं इवलंसं तोंड. फरक असतो तो जनुकांत. ए आणि बी हे प्रकार माणसांत असतात, काही जनावरांतही. ई बहुतेक गाईगुरांचा. दोन्ही ठक्यांत एकच प्रकार निघाला, तर संशयाला जागा होती. पण एकाच डबीत जंतू निघाला, तर तो कुठल्या ठकीचा? अंदाजानं गाय घालवायची?

गुरुवारी ती स्वतः नमुने घ्यायला गेली. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याखाली तो गोठा. वाकून आत शिरली आणि गोमूत्राचा, ओल्या कडब्याचा वास नाकात भरला. ती आठ वर्षांची झाली. तेव्हा इथं सात गाई होत्या आणि पाढे ती गव्हाणीच्या कठड्यावर बसून म्हणायची. चुकली की अण्णा धार काढता काढता, मान वर न करता, "परत" म्हणायचे. फेसाचा पेला हातात मिळायचा तो सोळा सत्ते बरोबर आल्यावरच. कालवडीनं तिची ओढणी तोंडात धरली. खरखरीत जीभ मनगटाला लागली, आणि तिनं हात मागे घेतला नाही. मग सवयीनं साबण शोधायला गेली.

घरातल्या सगळ्यांचे नमुने तपासायला डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तिनं नवऱ्याचा दिला, आई-अण्णांचे घेतले, स्वतःचाही ठेवला. या वेळी नावं तिनं लिहिली.

शनिवारी दुपारी निकाल आले. कालवड: ई. सृष्टी: बी. आई, अण्णा, नवरा स्वच्छ. आणि तनुजा, जिचं पोट वर्षभरात एकदाही दुखलं नव्हतं: बी. लेकीच्या आणि स्वतःच्या जंतूंच्या जनुकांचा क्रम तिनं एकाखाली एक लावून पाहिला. अक्षराचाही फरक नव्हता. कुणाकडून कुणाकडे गेला, हे त्यातून कळत नाही. पण रोज सकाळी कामावर पळण्याआधी, बोटांनी भात कालवून ती भरवत होती, ते घास तिला एकेक आठवले.

तिनं अण्णांना फोन केला आणि सगळं सांगितलं. वासराकडून नाही, माझ्याकडून असेल. औषध आम्हा दोघींना एकदमच घ्यावं लागेल. वासरू गुरांच्या डॉक्टरला दाखवा, आणि गोठ्यातून आलं की सृष्टीचे हात धुवायचेच.



"म्हंजे आता तुला धाडायची का भुगावला?" अण्णा म्हणाले.

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. उद्याच्या टेंपोवाल्याला आत्ताच नको म्हणून सांगा, ती म्हणाली, नाहीतर सकाळी दारात येऊन उभा राहील.

"न्हाई येत," अण्णा म्हणाले. "त्याला बोलावलाच कुठं हाय मी?"