मागच्या चाकाला लागलेली नजर

तृप्तीची सायकल माहेरची. लग्नात तिचं बाकीचं सामान टेम्पोतून सासरी, नेऱ्याला आलं, तेव्हा ही जुनी सायकल कशाला म्हणून दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली होती. पण पौडच्या हायस्कुलात जाताना जिनं कधी दगा दिला नाही, तिला मागं सोडायचं तृप्तीच्या जिवावर आलं. मग सायकल आली, आणि सासऱ्यांनी भाड्यानं द्यायला बांधलेल्या खोल्यांच्या जिन्याखाली कोळिष्टकं पांघरून पडून राहिली.

तिचं नशीब उघडलं ते यंदा. शेजारच्या जांबे गावातल्या एका सोसायटीच्या पाळणाघरात तृप्तीला काम मिळालं. घरी एका पोरीच्या मागं धावायचं, ते तिथं डझनभर पोरांच्या मागं धावायचं. पण तिथल्या मॅडमनी लेकीला बरोबर आणायला परवानगी दिली होती, आणि तेवढ्यासाठीच तृप्तीनं हो म्हटलं होतं. लेक अनू, पाळण्यातलं नाव अनसूया, अजून बालवाडीच्याही वयाची नव्हती. ती आईला सोडून राहत नव्हती, आणि खरं सांगायचं तर आईही तिला सोडून राहत नव्हती. असं दुसरं काम शोधून सापडलं नसतं.

डांबरी रस्त्यावर डंपरांचं राज्य. पण घरामागून शेताशेतानं एक पाणंद जांब्याकडं जाते, तिच्यावर माणूस दिसलं तर बोलायला थांबतं. तृप्तीनं कॅरिअरवर उशी बांधली, उशीवर अनूला बसवलं. पोरगी दोन्ही हातांनी आईचं पोट धरायची, गाल पाठीला टेकवायची आणि खड्ड्याखड्ड्याला गाण्यातला एक शब्द गिळायची. अनिकेत, तृप्तीचा नवरा, पहाटेच मोटरसायकल घेऊन कंपनीत जायचा. त्याचं म्हणणं, आपण स्कूटी घेऊ. कधी, ते विचारलं की म्हणायचा, बघू.

आधी कुरकुर केली ब्रेकनं. वायरी गंजून तुटल्या होत्या. उताराच्या तळाशी विश्रामचं सायकलचं दुकान होतं, त्यानं नव्या घातल्या आणि जुन्या कोपऱ्यात भिरकावल्या. तृप्तीच्या सासूबाई, इंदूबाई, सोबत होत्या. त्यांनी त्या वायरी उचलून पिशवीत टाकल्या. इंदूबाईंच्या घरात दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन दोरीवर वाळत पडतात, त्यामुळं विश्रामला काही नवल वाटलं नाही.

ब्रेक लागायला लागला, पण लागताना ओरडायचा. हे ओरडणं सासऱ्यांना, साहेबरावांना, सहन होईना. बैलगाडीच्या आखाला वंगण घालत त्यांचा जन्म गेला होता. आता बैल नव्हते, गाडी नव्हती, पण जे ओरडतं त्याला तेल पाजायचं ही सवय हाताला राहिली होती. सून आत गेली की ते तेलाची वाटी घेऊन बाहेर यायचे. मग ब्रेक मुका व्हायचा, आणि सायकल थांबायची ती तिला वाटलं तर.

तरी ब्रेकशिवाय चालवता येतं, पाय टेकून थांबता येतं. हवेशिवाय कसं चालवायचं? मागचं चाक बसायला लागलं. एकदा बसलं, विश्रामनं ठिगळ लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलं. आठवडा जातोय न जातोय तोच पुन्हा. तृप्ती अनूला कडेवर घेऊन, सायकल ढकलत, घामाघूम होऊन पाळणाघरात पोचायची, तेव्हा मॅडम स्वतः रडक्या पोरांना झोके देत उभ्या असायच्या. शेवटी त्यांनी शांतपणे सांगितलं. सोमवारी वेळेवर येणार असशील तर ये. नाहीतर दुसरी मुलगी बघून ठेवली आहे.

इंदूबाईंना सुनेचं काम सुटलेलं नको होतं. वरवर त्या कुरकुरायच्या, पण शेजारच्या रत्नाबाईच्या ओट्यावर बसून आमची तृप्ती कशी फाडफाड हिंदी बोलती ते सगळ्या आळीला ऐकवायच्या. त्यांच्या मते दुखणं सरळ होतं. सून ड्रेस घालून, पोरगी मागं बसवून सायकल हाणती, दहा जण डोळे फाडून बघतात, चाकाला नजर लागली. म्हणून दर शनिवारी त्या हँडलला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवून बांधायच्या आणि जुनं काढून टाकायच्या. पूर्वी तिठ्यावर टाकत. आता तिठ्यावर वडापावची गाडी लागते आणि गाडीवाला भांडायला उठतो. म्हणून मागच्या दारातून हात लांबवून पाणंदीत फेकायच्या. चाक जितकं बसेल तितक्या मिरच्या वाढत गेल्या. नजरेनं भागेना तेव्हा त्यांनी माणूस शोधला. पंक्चर झाल्यावर फायदा कुणाचा? विश्रामचा. झालं, गुन्हेगार सापडला.

त्या रविवारी सकाळी चाक पुन्हा खाली बसलेलं दिसलं. इंदूबाईंनी पदर खोचला. आज त्याचा सोक्षमोक्षच लावते म्हणाल्या, आणि उताराला लागल्या.

तृप्ती मात्र अंगणात फतकल मारून बसली. उद्या सोमवार होता. शाळेत असताना पंक्चर ती स्वतःच काढायची, हात विसरले नव्हते. चमच्याच्या दांड्यांनी टायर उकललं, ट्यूब बादलीत बुडवली, बुडबुडा सापडला. पण नवं भोक विश्रामच्या जुन्या ठिगळाला अगदी लागून होतं. म्हणजे टोचणारं अजून टायरमध्येच बसलं होतं. विश्राम ट्यूब बघायचा, टायरच्या आत हात घालायचा नाही. तृप्तीनं बोट फिरवलं, काही लागेना. मग तिला आठवलं अनूचं झबलं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, फेकवत नाही म्हणून पुसायला ठेवलेलं. बाळाच्या अंगाला शिवणीचा धागा टोचतो का, हे ती त्यावर गाल फिरवून बघायची. तेच झबलं टायरच्या आतून फिरवलं आणि एका जागी ते अडकलं.

पक्कडीनं ओढली तर तार निघाली. केसापेक्षा थोडी जाड, ताठ, नखाएवढी. बोटांनी ती उजेडात धरली आणि तेवढ्यात घाम डोळ्यात आला म्हणून त्याच हातानं डोळा चोळला.

डोळ्याची आग आग झाली. असा झोंबला की ती जागच्या जागी नाचली. साहेबराव तेलाची वाटी लपवत धावले, अनूनं आईच्या डोळ्यावर फुंकर घातली, आणि त्या फुंकरीत तृप्तीला उलगडलं. तारेच्या वळशात मिरचीचं बी होतं. सायकलची नजर उतरवायला इंदूबाई ज्या तारेत मिरच्या ओवत होत्या ती ब्रेकच्या जुन्या वायरीतली सोडवलेली, आणि पाणंदीत फेकलेल्या त्या माळांवरून रोज सकाळी जाणारी सायकल गावात एकच होती.

तिला हसू आलं. पण लगेच आठवलं की सासूबाई विश्रामच्या दुकानात आहेत.

तिनं घाईघाईनं ठिगळ लावलं, हवा भरली, अनूला आजोबांकडं दिलं आणि एका डोळ्यानं बघत उताराला सायकल सोडली.

खाली इंदूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, चहाचे पेले धरून चार माणसं ऐकत होती.

"रातचं खिळं पेरतोस आन सकाळी पंक्चर काढतोस," त्या सांगत होत्या. "शेती बरी हाय तुझी."

"जमीन इकली तवापासून पेरायचं इसरलोय मी, मामी," विश्राम म्हणाला.

तृप्तीनं ब्रेक दाबला. ब्रेक अजिबात ओरडला नाही. लागलाही नाही. "आई, सरका," एवढंच तिला म्हणता आलं. इंदूबाई सरकल्या, विश्रामचं पाण्याचं घमेलं सरकलं नाही. पुढचं चाक त्यात शिरलं, पाणी इंदूबाईंच्या नऊवारीवर गेलं, आणि तृप्ती टायरांच्या ढिगावर अलगद बसली.

विश्रामनं रिमवरून बोट फिरवलं, वास घेतला.

"ह्याला फोडनी कुनी दिली?"

सगळे तृप्तीकडं बघत होते. तिचा डोळा लाल झाला होता, पाणी गालावरून घळघळत होतं. सून भर चौकात रडतीय, असा अर्थ काढून सगळे हळवे झाले. विश्रामनं तिच्या मुठीतली तार हातात घेतली.

"टायरात व्हती व्हय? ही तर ब्रेकच्या वायरीतली."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं की आपण काय बोललो. ब्रेकच्या वायरी गावात एकाच दुकानात मिळतात. चहा पिणाऱ्यांपैकी एक खाकरला. आता काय म्हणतोस, असं दुसऱ्यानं विचारलं. विश्रामचा चेहरा उतरला.

इंदूबाई पुढं झाल्या. त्यांनी तार डोळ्यांशी नेली. मिरचीचं बी पाहिलं. मग सुनेकडं पाहिलं. सुनेनं एका डोळ्यानं घमेल्याकडं पाहिलं. तृप्तीला एक शब्द पुरला असता, पण तो तिनं गिळला, अनू खड्ड्यात गिळायची तसा.

"ह्यात इस्रामचा काय दोष," इंदूबाई म्हणाल्या. "तार काय, वाऱ्यानं बी येती. उगा गरिबाला बोल लावू नका कुनी."

बोल कोण लावत होतं ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

घरी जाताना सायकल इंदूबाईंनी ढकलली. वाटेत फक्त डोळ्यावर दुधाची घडी ठेव म्हणाल्या. घरी पोचल्यावर मात्र त्यांना चांगलाच कंठ फुटला, पण तो साहेबरावांवर. साहेबरावांनी दुपारभर चुलीच्या राखेनं दोन्ही रिमा घासल्या आणि ब्रेकचे रबर दगडावर उगाळले.

सोमवारी तृप्ती उठली तर सासूबाई अंथरुणात नव्हत्या. कोपऱ्यातला खराटाही नव्हता. हँडलला नवं लिंबू होतं, अनूच्या आखूड झालेल्या स्वेटरच्या गुलाबी लोकरीत ओवलेलं.

पाणंदीत वळते तो समोर ही गर्दी. रत्नाबाई कमरेत वाकलेली, खोलीतला भाडेकरू बॅग पाठीला लावून वाकलेला, आणखी दोघीतिघी गवत चाचपताना. मधोमध इंदूबाई खराटा मारत होत्या. माझी मोरणी पडली, असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या, तारेचा कसला बी तुकडा घावला तर माझ्याकडं द्या, मोरणीचीच तार असंल. पदराच्या गाठीत बरंच काही जमलेलं दिसत होतं.

तृप्तीनं ब्रेक दाबला. सायकल केवढ्यांदा तरी ओरडली आणि जागच्या जागी थांबली.

"थांबू नगंस," इंदूबाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या. "झाडलंय पार वढ्यापतुर. जा बिगीबिगी."

अनूनं मागून मान काढली. आजीच्या नाकातली मोरणी उन्हात लखलखत होती.

"आजी, तुज्या नाकात तर..."

तृप्तीनं घंटी वाजवायला घेतली, ती ओढा ओलांडेपर्यंत सोडली नाही.