मुरगूडच्या बुवांची चीज

दानेश्वरीनं मुरगूडच्या बुवांना जन्माला घातलं ते बुधवारी, आणि शुक्रवारी मारूनही टाकलं. दोन्ही कामं तिनं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, ज्ञानूमास्तरांच्या माडीवर बसून उरकली.

ज्ञानूमास्तर म्हणजे साधी असामी नव्हे. पेठेत कुणी पैलवान घडवतो, कुणी फुटबॉलचा गोलकीपर. मास्तर गेली पन्नास वर्षं बंदिशी घडवत होते. ख्याल गाणाऱ्याला गायला चीज लागते, आणि ती कुणीतरी कधीतरी बांधावी लागते, एवढी साधी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोनशेच्या वर चीजा त्यांनी बांधल्या होत्या आणि प्रत्येकीच्या अंतऱ्यात स्वतःची मुद्रा, म्हणजे कर्त्याचं नाव, 'ज्ञानरंग' म्हणून ओवली होती. त्यांच्या शिकवणीचा एकच कडक नियम होता: चारशे जुन्या चीजा पाठ झाल्याशिवाय शिष्यानं स्वतःची बंदिश करायची नाही.

"त्याच्या आधी बंदिश करायची म्हंजे दूध न तापवता साय काढायला बसल्यागत हाय," मास्तर म्हणायचे.

आता हे सांगायचं कुणाला, तर अण्णाप्पा गवळ्याच्या लेकीला! दानेश्वरीच्या घरी आठ म्हशी. पहाटे साडेचारला ती अप्पांच्या जोडीला धारेला बसायची, सहाला मास्तरांच्या माडीवर हजर. नऊ वर्षांत तिच्या एकशे त्र्याऐंशी चीजा झाल्या होत्या. राहिल्या दोनशे सतरा. ह्या चालीनं अजून अकरा वर्षं! चाल सुचायची तर काय अकरा वर्षं दारात ताटकळत उभी राहते होय? ती सुचलीच. रंगी म्हशीची धार काढताना रिकाम्या चरवीत आधी टणटणीत वाजतं, चरवी भरत गेली की घुमायला लागतं, आणि दोन्ही हातांच्या त्या लयीत एके दिवशी तिच्या तोंडून देसकार रागाचा मुखडा आपसूक बाहेर पडला.

*भोर भई री, धार बजत है,*
*सूनो नगर, कोऊ नाहिं जगत है.*

आठ दिवसांनी अंतराही झाला:

*बछरा बोले, गैया डोले,*
*ठाढी अकेली, मन हुलसत है.*

गाव अजून झोपलेलं, आपण एकटीच उभी, आणि मन उगीच उड्या मारतंय. होतं ते तिनं जसंच्या तसं बांधलं. फक्त म्हशीची गाय केली, कारण देसकारात म्हैस घातली तर मास्तर माडीवरून खाली ढकलतील ही खात्री. पुढं तिनं दुसरा अंतराही केला, पण तो निव्वळ वात्रटपणा होता. तो रंगीशिवाय कुणाला ऐकवायचा नाही असा शब्द तिनं रंगीलाच देऊन टाकला.

त्या बुधवारी ती लवकर आली होती. माडीवर कुणी नाही असं बघून तानपुरा जुळवता जुळवता चीज गुणगुणली. आणि जिन्यातून आवाज आला.

"कुणाची चीज ही?"

मास्तर! माझी म्हणावं तर नियम मोडला. नऊ वर्षांची शिकवणी आजच संपायची. मावशी मुरगूडला राहते, तेवढं एकच गाव त्या क्षणी जिभेवर आलं.

"मुरगूडच्या... एका बुवांची."

"गा."

तिनं गायली. मास्तरांनी चार वेळा गायला लावली. मग भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "देसकारात अशी चीज माझ्या बघण्यात न्हाई. पण मुद्रा कुठाय? अंतऱ्यात कर्त्याचं नाव न्हाई."

"बुवा नाव घालत न्हवते, मास्तर."

मास्तरांच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. "बघ! ह्याला म्हणायचं निर्मोही माणूस. न्हाईतर आम्ही! चार वळींची चीज, त्यात आपल्या नावाचा हा एवढा फलक."

दानेश्वरीला हसावं की रडावं कळेना. आपली चीज मास्तरांना आवडली ह्या आनंदानं छाती फुटायची वेळ आलेली, आणि तोंडाला कुलूप.

शुक्रवारी मास्तर म्हणाले, "रविवारी मुरगूडला जाऊ. गाडी सांगून ठेवलीया. त्या बुवांचं पाय धरायचं हायत मला."

"मास्तर, बुवा वारले."

"कधी?"

"काल."

"काल? अगं मग जायलाच पायजे! रक्षाविसर्जन तरी गावंल!"

"न्हाई, न्हाई, म्हंजे... वारले मागच्या वर्षी. मला काल कळलं."

मास्तरांनी सगळ्या शिष्यांना उभं केलं आणि दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. तबल्यावरचा अमरसिंह तिच्या कानात पुटपुटला, "कोण गं हे बुवा?" दानेश्वरीनं डोळे मिटून घेतले आणि त्या बुवांच्या आत्म्याची मनापासून माफी मागितली.

हे एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण जानेवारीत कोल्हापुरात बंदिशकारांची सकाळ भरते. इकडून सांगली-मिरजेपासून तिकडं बेळगावपर्यंतचे बांधणारे लोक जमतात, आणि प्रत्येकानं नवी चीज ऐकवायची असते. मास्तरांना दोन वर्षांत नवं काही सुचलं नव्हतं. "विहीर आटली बघ," असं ते बायकोला, झुंबरकाकीला, म्हणायचे, आणि काकी म्हणायची, "आटती कुठली? जरा दम धरा की." यंदा मास्तरांनी जाहीर केलं, "मी माझी चीज गाणार न्हाई. मुरगूडच्या बुवांची गाणार. एवढा मोठा माणूस अंधारात गेला, त्याला उजेडात आणतो."

दानेश्वरीचं अन्नपाणी गोड लागेना. आपलं पहिलं लेकरू, त्याचं बारसं एवढ्या मोठ्या सभेत, आणि ते बसणार कुणा न जन्मलेल्या माणसाच्या कडेवर! तिनं पाच वेळा तोंड उघडलं. पाचही वेळा मास्तर बुवांचं काहीतरी कौतुक करत होते, आणि पाचही वेळा तिनं ते परत मिटलं.

जानेवारीतला तो रविवार उजाडला. सकाळी आठला सभागृह गच्च. पहिल्या रांगेत झुंबरकाकी नव्या काठपदरात, अगदी मागं दाराशी अण्णाप्पा, दूध घालून तसेच आलेले. मास्तरांच्या मागं तानपुऱ्यावर दानेश्वरी. मास्तरांनी मुरगूडच्या बुवांना हात जोडले आणि चीज सुरू केली.

आणि काय गायले मास्तर! धारेची ती लय अमरसिंहानं अचूक पकडली, समेवर अख्खं सभागृह एकदम मान हलवायला लागलं. दानेश्वरी मागून साथ देत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. लोकांना वाटलं, बुवांच्या आठवणीनं.

टाळ्या थांबायच्या आत तिसऱ्या रांगेतून महांतेशबुवा उठले. बेळगावकडचे मोठे बंदिशकार, वय अठ्ठ्याहत्तर, मास्तरांचे दोस्तही आणि चाळीस वर्षांचे भांडखोर जोडीदारही.

"मास्तर, चीज झकास. पण ती मुरगूडची न्हाई. आमच्या घरची हाय. मी पोर असताना आमच्या गुरुजींनी दिल्याली. आणि मुखडा तुम्ही दोन मात्रा उशिरा उचलला बघा."

सभागृहात कुजबुज उठली. ह्या लोकांत शिवी चालते, उधारी चालते. दुसऱ्याच्या घरची चीज भलत्या नावावर खपवली हे चालत नाही. मागून कुणीतरी "चोरीची चीज!" असं मोठ्यानं म्हणालंही. मास्तरांचे कान लालेलाल झाले. पन्नास वर्षांची अब्रू त्या एका शब्दावर टांगली होती.

"दाने," ते मागं वळून म्हणाले, "बुवांचं पूर्ण नाव सांग ह्यांना."

दानेश्वरीनं तानपुरा खाली ठेवला.

"बुवा न्हाईत, मास्तर."

"वारले ते ठाव हाय गं. नाव सांग."

"वारले न्हाईत. जन्मलेच न्हाईत." आता मागं फिरायला वाट नव्हती. "चीज माझी हाय. मी केली. धार काढताना. नियम मोडला म्हणून तुम्हाला भ्याले आणि खोटं बोलले. तुम्ही चोर न्हाई, मास्तर. खोटारडी मी हाय."

महांतेशबुवा मायेनंच हसले. "पोरी, गुरूला वाचवायला बघतीस, चांगलं हाय. पण तुझं वय काय? तेवीस? हा देसकार मुरलेल्या माणसाचा हाय. तुझी चीज म्हणतीस, तर त्याला पुरावा काय?"

पुरावा! पुरावा तर तिच्याजवळ होता. पण तो बाहेर काढायचा म्हणजे रंगीला दिलेला शब्द मोडायचा, आणि वर मास्तरांच्या हातानं जिवंत गाडून घ्यायचं. तिनं मास्तरांकडं बघितलं. भर सभेत ते जमिनीकडं बघत बसले होते. असे ते तिनं कधी बघितले नव्हते. होऊ दे काय व्हायचं ते, म्हणून तिनं तानपुरा उचलला.

"ह्या चीजेला दुसरा अंतरा हाय," ती म्हणाली. "तो कुणीच ऐकल्याला न्हाई." आणि डोळे घट्ट मिटून ती गायली:

*गुरुजी सोवत, चाय ठरत है,*
*सुर से ऊँची नाक बजत है!*

तिथनं थेट मुखड्यावर, भोर भई री, धार बजत है. समेवर आली तेव्हा अमरसिंहाची थाप पडलीच नाही. तो तबल्यावर पालथा पडून हसत होता.

कारण माडीवरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. सकाळी सहाला मास्तर शिष्यांना षड्ज लावायला बसवायचे, काकी चहा आणून ठेवायची, आणि तो 'ठरेस्तोवर', म्हणजे गार होईस्तोवर, मास्तर भिंतीला टेकून असे घोरायचे की षड्ज कुठं गेला ते सापडू नये. कुणी गायचं थांबलं की डोळे उघडून गरजायचे, "झोपलो न्हवतो! ऐकत हुतो!" पन्नास वर्षं हे एकच पालुपद.

पहिल्या रांगेतून झुंबरकाकीचा आवाज आला, "खरं हाय की! शंभर टक्के खरं हाय!" आणि तिनं पदरात तोंड खुपसलं. सगळं सभागृह फुटलं.

मास्तर मात्र हसले नाहीत. ते सावकाश महांतेशबुवांकडं वळले.

"बुवा, हा अंतरा बी तुमच्या गुरुजींनी दिल्याला काय?"

"न्हाई बा."

"मग त्यांनी माझं घोरणं कवा ऐकलं?"

आता महांतेशबुवाही खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागले. हसता हसता हात जोडून म्हणाले, "चुकलो, मास्तर. चांगली चीज ऐकली की ती आपल्याच घरची वाटती बघा. वयाचा दोष." मग दानेश्वरीकडं बघून म्हणाले, "पोरी, मुखडा तुझा बरोबर हाय. दोन मात्रा मीच पुढं हुतो."

हशा ओसरला. दानेश्वरी मान खाली घालून बसली होती. लोक काही का म्हणेनात, तिला एकाच माणसाचं ऐकायचं होतं.

"तू माझ्याशी खोटं बोललीस," मास्तर म्हणाले. "न जन्मलेल्या माणसासाठी मला दोन मिंटं उभं केलंस. त्याच्या मोठेपणावर मी रडलोय, घरी, काकीसमोर."

"चुकलं, मास्तर."

"नियम म्हंजे नियम. दोनशे सतरा राह्यल्यात. उद्यापासनं सहाला न्हाई, पाचला यायचं."

म्हणजे हाकललं नव्हतं! तिला हुंदका आवरेना. "व्हय, मास्तर. पण धारा..."

"धारा मी काढतो गं!" मागून, दाराशी उभ्या अण्णाप्पांनी सभेचं भान सोडून हाळी दिली.

"आणि दुसरी गोष्ट," मास्तर म्हणाले, "मी झोपत न्हाई." परत हशा उसळला. तो थांबेपर्यंत ते वाट बघत बसले. मग म्हणाले, "मुरगूडच्या बुवांची मुद्रा न्हवती, ते मला कौतुकाचं वाटलं. पण जिवंत माणसानं असं बिननावाचं राहू नये. चीज बेवारशी हुती आणि मग कुणीबी येऊन आपल्या घरची म्हणतंय. तानपुरा लाव."

तिनं लावला. मास्तरांनी परत मुखडा धरला. वयाला न शोभणाऱ्या उत्साहानं दोन आवर्तनं घोळवून अंतऱ्यावर आले. *बछरा बोले, गैया डोले...* आणि पुढं जिथं 'ठाढी' होतं, तिथं त्यांनी तेवढ्याच मात्रांत, मान किंचित मागं वळवून, दुसराच शब्द ठेवला:

*दानी अकेली, मन हुलसत है.*

महांतेशबुवांनी सर्वांत आधी दाद दिली. एवढ्या बंदिशकारांच्या समोर गुरूनं स्वतःच्या तोंडानं शिष्येचं नाव अंतऱ्यात घातलं, म्हणजे काय झालं ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पुढची ओळ दानेश्वरीनं उचलायची होती. पण तिचं मन त्या दोन अक्षरांतच अडकलं. एक आवर्तन कोरडंच गेलं, नुसता तबला वाजत राहिला.

मास्तरांनी मागं बघितलं. "काय गं, झोपलीस काय?"

दानेश्वरीनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं.

"न्हाई, मास्तर," ती म्हणाली, "ऐकत हुते."