साचेखात्यातली अळंबी

गिरण्यांचा संप होऊन सहा वर्षं झाली होती. बंद गिरणीच्या साचेखात्यात, जिथे कापड विणायचे माग चालत, तिथे ओल्या कापसावर पांढरी अळंबी उगवायची. लालबागच्या आमच्या चाळीत तिला पाळीची अळंबी म्हणत. खाल्ली की डोळ्यांपुढे गिरणी चालू होते, पाळी सुटल्याचा भोंगा झाला की बंद. मात्र गिरणीच्या पगारावर वाढलेल्या पोटालाच ती चढते. बाहेरच्याने खाल्ली तर नुसती ढेकर.

बाबा होते तोवर मी याला अडाणीपणा म्हणत असे. त्यांच्या तेराव्यानंतर शेजारच्या गंगुबाईंकडे तीच अळंबी मागायला गेले. त्याआधी बुरशीवरची दोन पुस्तकं वाचून काढली. मी ग्रंथालयात नोकरी करते. दुःख करायचं तरी आधी संदर्भ तपासते.

मला एकच गोष्ट हवी होती. शेवटच्या दिवशी इस्पितळात बाबांच्या घशात नळी होती. मी सकाळपासून उशाशी उभी, कारण स्टुलावर माझी पुस्तकं होती. बाबा ओठ हलवून काही सांगत होते आणि मी पर्समध्ये पेन शोधत होते. सापडल्यावर वही पुढे केली. "इथे लिहा." त्यांनी वही बाजूला सारली आणि डोळे मिटले. ते काय म्हणाले, ते मी पाहिलंच नव्हतं.

गंगुबाईंनी अळंबी खोबरं घालून परतली. "तुझ्या पुस्तकात मीठ किती घालूक लिवला हा?"

"मिठाचं नाहीये त्यात."

"मग कसला पुस्तक ता?"

मी ताटली घेऊन उभ्यानेच खाल्ली. चौथ्या घासाला जमीन थरथरली आणि समोर साचे सुरू झाले. सुतातून इकडून तिकडे धावणारे शेकडो धोटे, कान फाटतील असा आवाज. बाबा चाळिशीचे, बनियनवर. ओरडत कुणीच नव्हतं. दोन रांगांपलीकडच्या माणसाला बाबा नुसते ओठ हलवून काही म्हणाले, आणि तो पोट धरून हसला. तीस वर्षं बाबा असेच बोलत आले होते. त्यांच्यापुढे मी वही धरली होती.

मग त्यांनी मला पाहिलं. ओठ हलले. माझा हात पेनासाठी गेला, पर्स नव्हती. नाइलाजाने मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, मठ्ठ पोरीला सांगावं तसं. भोंगा झाला.

गंगुबाई वीस वर्षं गिरणीत वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, होत्या; ही ओठांची बोली त्यांनाही येत होती. मी त्यांच्यासमोर ते ओठ करून दाखवले.

"कसला तोंड करतंस गो, माशासारख्या. परत कर."

मी परत केलं. त्या हसायच्या थांबल्या.

"'बस गो बाय, पाय दुखतले.' आणखी काय सांगतलो तो?"

"स्टुलावर पुस्तकं होती," मी म्हणाले.

त्यांनी पायाने पाट माझ्याकडे सरकवला. माझ्या हातात अजून ताटली होती. ती कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून ती घेऊनच मी बसले.