बोरढवला बस थांबत नाही

मंजुश्रीची मोटार फाटकावरच ठेवावी लागली. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात आता खाजगी गाड्या सोडत नाहीत. पुढे उद्यानाचीच शटल बस. किनवटकडच्या त्या घाटातून पूर्वी दिवसाकाठी एक लाल एसटी जायची. मंजुश्रीची आजी गुरम्मा तिच्यातूनच नवरी होऊन बोरढवला आली होती.

तिथे तिच्या नवऱ्याचं, शिवप्पांचं, किराणा दुकान होतं. ते वारले तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना दुकानामागच्या माळावर बसवून माती दिली, वर दगडी समाधी बांधली. पुढे जंगल राखीव झालं आणि गाव उठलं. इतरांनी आपल्या माणसांचं दहन केलेलं, त्यांचं मागे काही उरलं नाही. गुरम्माचं माणूस मात्र तिथेच राहिलं आणि ती मुरुडला लेकाकडे गेली. आता गुडघे साथ देईनासे झाले, तेव्हा तिने नातीपाशी एकच हट्ट धरला. समाधी एकदा डोळ्यांनी बघायची.

ड्रायव्हर पंढरीला मंजुश्रीने विनवून पाहिलं. तो म्हणाला, थांबे दोनच, तळं आणि मनोरा. मध्ये कुणी उतरलं तर आपली नोकरी जाईल.

"अस्वलं लई झालीत, आजी."

"अस्वल माझं काय खातंय? नुसती हाडं हायती."

बसमधली माणसं हसली. पंढरीही हसला, पण मान नकारार्थीच हलवली. एवढं मात्र कबूल केलं, की तिथे गाडी हळू घेईन. जागा त्याला ठाऊक नव्हती; ती गुरम्मानेच सांगायची.

ती उजव्या खिडकीला डोळे लावून बसली. खुणा तोंडपाठ होत्या. आधी ओढा, मग जांभळीची जोडी, मग चढ संपला की उजव्या हाताला माळ. पण ओढा काही येईना. डोंगर ओळखीचे वाटायचे आणि परके व्हायचे. एक लांब उतार लागला. दोन जांभळी मागे गेल्या. अशा जांभळी जंगलभर असतील, असं तिला वाटलं. मग पाणी दिसलं.

"हाच ओढा. घे रे बाबा हळू, आता येईल."

पंढरीने वेग अगदी कमी केला. ओढ्यापलीकडे नुसता बांबू होता.

"आजी," मंजुश्री हळूच म्हणाली, "रस्ता एकेरी केलाय. आपण पूर्वीच्या उलट, वरून खाली आलो. माळ डाव्या हाताला होता, मागे राहिला."

गुरम्मा उठली, दांड्या धरत शेवटच्या बाकापर्यंत गेली. मागच्या काचेत तिला खरा घाट दिसला. ओढा, जांभळी, चढ, सगळं नवरीला दिसलं होतं त्याच क्रमाने. माथ्यावर गवतात काहीतरी काळसर होतं. दगड होता की झुडूप, एवढ्या लांबून कळेना.

"हाय तिथं," ती म्हणाली.

पंढरीने आरशात पाहिलं आणि वेग वाढवला नाही. तरी मुरमाची धूळ उठत होती, काच भरत चालली होती. गुरम्मा पदराने पुसू लागली. धूळ बाहेरच्या अंगाला होती. ती पुसतच राहिली.